सरस्वतीनं धरलेली फाइल

११ मार्च २००२, सोमवार. कागल

नवी वही, नवं गाव आणि नवी नोकरी एकाच दिवशी मिळालीय, तेव्हा लिहायला सुरुवातही आजच करते.

सकाळी पुण्याच्या गाडीतून हायवेला उतरले. खोली आक्कांच्या घरात, वरच्या मजल्यावर. आक्का एकट्याच असतात, मुलगा इचलकरंजीला. बॅग खाली ठेवायच्या आत विचारलं, पावणं कुठलं? चंदगड म्हटल्यावर म्हणाल्या, मग तुला भात लागणार, आमच्यात भाकरी असती. आणि दुपारी ताटात दोन्ही वाढलं. रश्श्यानं कान गरम झाले. आईला फोन केला तर ती म्हणाली, बरं झालं बाई, पुण्यापेक्षा जवळ आलीस, आता महिन्याला तरी तोंड दाखव.

एमआयडीसीला पंचतारांकित म्हणतात. तारे काही दिसले नाहीत. लांबच लांब रस्ते, बाभळी आणि मधेच एखादी शेड. आमची फाउंड्री अगदी कडेला आहे. ट्रकचे ब्रेक ड्रम ओततात. मालकांचे चिरंजीव उदयसिंह सगळं बघतात. चाळिशीचे असतील, बोलणं मऊ, मला पहिल्या वाक्यापासून तेजस्वी मॅडम. वीस मे रोजी जर्मनीचे पाहुणे येणार आहेत. त्यांची अट अशी की ड्रॉइंग एका ठिकाणी असावीत आणि कारखान्यातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवरून तीच्या तीच उघडावीत. तसं होतंय की नाही ते तपासून माझ्या सहीचा रिपोर्ट द्यायचा. एवढंच काम.

एवढंच म्हणते खरी, पण गंमत पुढं आहे. मशीन चार आणि कंपन्या चार. प्रत्येकीची आतली व्यवस्था वेगळी. एकीला फाइलचं लांब नाव चालत नाही, एकीला मोठं अक्षर नि लहान अक्षर सारखंच वाटतं, तिसरी दोन्ही वेगळी धरते. चार भाषांची माणसं एका पंगतीला बसवायची. मला हेच आवडतं.

१४ मार्च, गुरुवार

मशीनरूम पाहिली. खिडकी नाही, बाहेर एवढं ऊन असून आत स्वेटर लागतो. लोखंडी दार, त्यात वहीएवढी काच. कुलूप विजेचं, आत नि बाहेर बाजूला बटण, दाबलं की उघडतं. छतावरून एक लाल नळी गेलीय, तिच्या टोकाला नरसाळ्यासारखं तोंड. देखभालीचे बाळासो म्हणाले, मोल्डिंगमधला कार्बन डायऑक्साइड जोडलाय, आग लागली तर ग्यास सुटतोय आणि दार आपसूक बंद हुतंय, मग फकस्त भाईरच्या बटणानं उघडतंय. मी विचारलं, आत माणूस असेल तर? ते हसले. म्हणाले, मग भाईर पळायचं की आधी!

मशीनना नावं छान दिलीत. मधला सर्व्हर, जिथं सगळ्या फायली राहतात, तो पंचगंगा. बाकी चार, चाचणीसाठी इथंच टेबलावर मांडलेली, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. ड्रॉइंग विभागाचे प्रमुख कृष्णात यांना म्हटलं, पंचगंगेला नद्या पाच मिळतात, सरस्वती कुठाय? ते म्हणाले, सरस्वती गुप्त असते, मॅडम. नावं कुणी दिली विचारलं तर, आधीच्या मॅडमनी, एवढंच बोलून चष्मा पुसत बसले. भला माणूस दिसतो. दुपारी घरची शेंगदाण्याची पोळी माझ्यासाठी काढून ठेवली होती.

२० मार्च, बुधवार

चाचण्या झकास चालल्यात. कासारीवरून फाइल ठेवायची, बाकी तिघींवरून उघडायची, आकडा न् आकडा जुळवायचा. मग उलट. भोगावती जरा हट्टी आहे, पण समजावलं की ऐकते.

आज कुलपांची चाचणी सुरू केली. एकीनं फाइल लिहायला घेतली की सर्व्हर ती तिच्या नावानं धरून ठेवतो. तिचं होईपर्यंत दुसरीला थांबावं लागतं. नाहीतर दोघी एकाच पाटीवर लिहिणार आणि दोघींचंही पुसलं जाणार.

सकाळी पहिलीच फाइल उघडेना. कुणीतरी धरली होती. कुणी, ते सर्व्हर सांगतो. त्यानं सांगितलं: संघप्रिया, मशीन सरस्वती.

या नावाचं मशीन आवारात नाही, मी स्वतः फिरून बघितलं. कृष्णातना विचारलं. जुनं काहीतरी राहिलं असंल, काढून टाका, म्हणाले. मी सर्व्हर बंद करून चालू केला आणि ते नाव गेलं.

२७ मार्च, बुधवार

परत आलं. या वेळी मी चारही मशीनच्या वायरी काढल्या. सर्व्हरला कुणीच जोडलेलं नव्हतं. तरी फाइल धरलेली. संघप्रिया, सरस्वती.

अशी चूक पुण्यात एकदा पाहिली होती. गेलेल्या मशीनचं नाव सर्व्हरच्या आठवणीत अडकून राहतं. पण ते एकदाच पुसावं लागतं, मी आठवड्यात चारदा पुसलंय.

आणखी एक गोष्ट. मशीनरूममध्ये जास्त वेळ बसलं की जिभेला आंबट लागतं. सोड्याची बाटली फोडून नाकाशी धरल्यासारखं. आणि आज भर दुपारी दारावर थाप पडली. उघडायला गेले तर काचेपलीकडे कुणी नाही. मी दाराला हात लावून उभी असताना पुन्हा पडली. लोखंड माझ्या बाजूनं हादरलं. थाप आतून होती.

रात्री जेवताना आक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या खोलीत एकटी बसू नगो. का विचारलं तर भात वाढायला उठल्या.

३ एप्रिल, बुधवार

अडचण सापडली. कुंभी आणि तुळशी एकाच वेळी एक ड्रॉइंग उघडतात तेव्हा तुळशी कुंभीचं कुलूप मानत नाही. दोघी लिहितात आणि आकडे गळतात. ड्रमच्या भिंतीची जाडी चौदा होती, तुळशीवर ती नुसती चार उरली. पुन्हा पुन्हा केलं. कधी बरोबर येतं, कधी येत नाही. कधीतरीच होणारी चूक सगळ्यात वाईट.

कृष्णात म्हणाले, दोघांनी एकदम तीच फाइल उघडायची वेळ येतीय कितीदा? मी म्हटलं, एकदा आली तरी घाटात ट्रक आहे आणि ब्रेक नाही.

५ एप्रिल, शुक्रवार

उदयसिंहांनी चहाला बोलावलं. आवाज एकदाही चढला नाही. म्हणाले, एवढ्या चाचण्यांत एक अडते, ती पुढच्या वर्षी नवं मशीन आलं की सुटेल. मोल्डिंगचे लोक आंधळे नाहीत, चौदाच्या जागी चार दिसलं तर विचारतील. ही ऑर्डर गेली तर दोन शेड बंद करायच्या, त्या माणसांना तुम्ही काय सांगणार? तुमचा भाऊ डिप्लोमा झालाय ना, त्याला पाठवून द्या माझ्याकडं.

त्या रकान्यात मी पास लिहिलं आणि खाली सही केली. सगळ्या कंपन्यांत असं होतं. बाकीच्या चाचण्या खऱ्या आहेत.

८ एप्रिल, सोमवार

हजेरीवाले तक्रार घेऊन आले. सर्व्हरवर प्रत्येक माणसाच्या नावाचा एक फोल्डर आहे. बाळासोंचा उघडत नव्हता. सरस्वतीनं धरला होता. पुसला, परत धरला. माझ्या डोळ्यांदेखत.

बाळासोंना म्हटलं, तुमच्या फोल्डरला संघप्रियानं कुलूप लावलंय. चेष्टेनं म्हटलं होतं. त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला. म्हणाले, ती म्हारडी मेल्याली हाय. आणि तंबाखू न मळताच निघून गेले.

९ एप्रिल, मंगळवार

बाळासो गेले.

मोल्डिंगच्या खड्ड्यात पाना पडला म्हणून शिडीनं उतरले. दिवसाढवळ्या, दहा माणसं भोवती. खड्डा पुरुषभरही खोल नाही. वरून एकानं हात दिला तर हाताला हात पोचत होता, पण बाळासो हात वर करून हवेत कशावर तरी थापा मारत होते. वर झाकण असल्यासारख्या. काढलं तेव्हा भुवयांवर दहिवर साचलं होतं. एप्रिलच्या उन्हात. जड वायू खड्ड्यात साठतो, असं डॉक्टर म्हणाले. सिलेंडर मात्र सगळे भरलेले निघाले.

गेटसमोर चहाची टपरी आहे. तिच्याजवळ एक बाई रोज बसलेली असते, पांढरं लुगडं, मांडीवर हात. आज तिनं चहा मागितला. टपरीवाला बघतच राहिला. मला म्हणाला, दीड वरीस झालं, शेवंताबाईनं हितं घोटभर पाणी घेतलं न्हवतं.

११ एप्रिल, गुरुवार

मीच तिच्याशेजारी जाऊन बसले. शेवंताबाई, संघप्रियाची आई.

ती रडली नाही, आवाजही खाली नव्हता, अख्ख्या रस्त्यानं ऐकावं असं बोलत होती. तिचं जसंच्या तसं लिहिते.

"माझी पोरगी इंजिनेर. वस्तीतली पयली. तुझंच काम करीत हुती. तिनं सांगितलं, दोन मशिनी एकमेकीचं ऐकत न्हाईत, मी सही करणार न्हाई. उदयसिंह साहेब म्हणाला, तुमच्यातल्यांनी आमाला न्हाई म्हणायचं व्हय? सही करंस्तवर ऱ्हा आत, म्हणून कोंडली. बाळासोनं दार लावलं आणि नळी सोडली, जरा थंडी वाजू दे तिला म्हणून. मग ती नळी मिटंना. पोरगी आतनं हात आपटत हुती की गं. भाईर तिघं हुतं. एकानं बी दार उघडलं न्हाई."

हे सगळं बाळासो एकदा दारूत बरळला होता, तिसऱ्याचं नाव न घेता. कारखान्यानं पोलिसांना सांगितलं, बाई न विचारता आत गेली, अपघात झाला. मशीन सरस्वती तिचं होतं, ते भंगारात दिलं.

मी विचारलं, तिसरा कोण? शेवंताबाई म्हणाली, तिलाच ठावं. मला कशाला न्याय पायजे आता. मी नुसती बघाय बसलोय. पोरगी दारामागं मेली, आता सगळी दारं तिची हाईत.

१४ एप्रिल, रविवार

जयंतीची मिरवणूक वस्तीतून निघाली, शेवंताबाईनं घरी बोलावलं. बुद्धाच्या मूर्तीशेजारी संघप्रियाचा फोटो, पदवीच्या झग्यात. माझ्याच वयाची. पुढचा दात थोडा दुसऱ्यावर आलेला, हसताना लपवायचा प्रयत्न केलेला दिसतो. मी खीर खाल्ली, आणि फोटोकडे बघून मनातल्या मनात म्हटलं, सोडू नकोस.

आईशपथ, बाळासो गेल्याचं मला वाईट वाटत नाही. बरं वाटतं. इथं खोटं कशाला लिहू.

१६ एप्रिल, मंगळवार

तिसरा कृष्णात.

त्यांनीच सांगितलं, मी विचारायच्या आत. ड्रॉइंग विभागात ती आणि मी, आम्ही दोघंच होतो. काचेवर तिचा तळहात दिसत होता, म्हणाले. बोटं पसरलेली. मी दारापर्यंत गेलतो. साहेबांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. मी थांबलो. दुसऱ्या दिवशी तिच्या रिपोर्टवर तिच्या जागी मी सही केली. मी काय केलं, मॅडम? मी फक्त सही केली.

मी त्यांच्या तोंडावर म्हटलं, तुमचाही नंबर येईल. शेंगदाण्याची पोळी तशीच परत दिली. मग मशीनरूममध्ये गेले, दार लावलं आणि मोठ्यानं बोलले. संघप्रिया, एकेकाला धर. साहेबाला शेवटी धर, सगळं बघू दे त्याला.

दारावर आतून थाप पडली. मला भीती वाटली नाही. मैत्रिणीनं पाठीवर मारावी तशी वाटली.

२२ एप्रिल, सोमवार

कृष्णातांचा फोल्डर धरलाय.

त्यांना सांगितलं. सांगताना मला गोड वाटलं. ते रजा टाकून घरी गेले. जाताना म्हणाले, मी दाराआड जाणारच न्हाई. अंगणात ऱ्हाईन, आभाळाखाली.

२४ एप्रिल, बुधवार

अंगणातच गेले.

दुपारी ताप आला म्हणून बाजेवर पडले होते. माश्या फार, म्हणून बायकोनं मच्छरदाणी लावली. थोड्या वेळानं ते आतून कापडावर हात आपटू लागले. बायको कड ओढतेय, कड सुटेना. शेजारी धावले, चौघांनी ओढली. शेवटी विळ्यानं कापली. बायको सांगत होती, कापड बर्फासारखं गार होतं आणि आतून वाफ बाहेर पडली.

त्यांची मुलगी पाचवीत आहे. माझ्याकडं बघून तिनं विचारलं, बाबांना कुणी धरलं हुतं?

पण त्यांनी दार उघडलं नव्हतं. ते दारापाशी उभे होते आणि उघडलं नव्हतं. हे मी पुन्हा पुन्हा स्वतःला सांगतेय.

२९ एप्रिल, सोमवार

आता उदयसिंह. रोज सकाळी आल्या आल्या त्याचा फोल्डर बघते. उघडा असतो. रोज.

तो बारीक झालाय. केबिनचं दार उघडं ठेवून बसतो, गाडीच्या काचा खाली. मला विचारलं, सर्व्हरमध्ये काही बिघाड आहे का? मी म्हटलं, नाही साहेब, सगळं पास आहे. त्याचा चेहरा बघून अख्खा दिवस छान गेला.

चल ना, संघप्रिया. किती थांबवतेस.

२ मे, गुरुवार

आज त्याचा उघडला. नेहमीसारखा. मग सवयीनं खालची नावं बघत गेले.

तेजस्वी. धरलेला आहे. संघप्रिया, सरस्वती.

पुसला. धरला. पुसला. धरला.

मी काय केलं? मी तर तिच्या बाजूची. मी तर तिला

मी फक्त सही केली.

३ मे, शुक्रवार

कोल्हापूरला गेले, सीबीएस स्टँडवर चंदगडची एसटी धरली. आईजवळ जायचं, एवढंच डोक्यात. गाडी भरलेली, काजूची पोती, बाया, पोरं. कंडक्टरनं दार लावलं, घंटी मारली.

जिभेला आंबट.

गाडी हलायच्या आधीच पुढच्या सीटवरचा म्हातारा झोपल्यासारखा कलला. शेजारच्या बाईच्या मांडीवर तान्हं होतं, त्याचे ओठ निळे. खिडक्या उघड्या होत्या! उघड्या खिडक्यांतून हवा आत येत नव्हती. मी ओरडले, दार उघडा, मला उतरू द्या. कंडक्टरला उघडेना. मी दारावर थापा मारत होते आणि तेव्हा कळलं की ही थाप मी ओळखते.

मी म्हटलं, मी एकटी उतरते, यांना सोड. दार उघडलं.

मी खाली उतरताच तान्हं रडलं. गाडी गेली. माझ्याबरोबर आता कुणी असता कामा नये. घरी जाता येणार नाही. आई—

४ मे

आक्कांना सांगून खोलीचं दार उचकटून काढलं. आक्कांनी स्वतः सुताराला बोलावलं. जिन्यात निजते.

६ मे, सोमवार

शेवंताबाईकडं गेले. पाय धरले. सांगितलं, मला ठाऊक नव्हतं, मी नंतर ऐकलं.

तिनं विचारलं, मशिनी ऐकत न्हवत्या ते ठावं हुतं?

व्हय, म्हटलं.

तिनं पाय मागं घेतले. म्हणाली, माझ्या लेकीला बी तेवढंच ठावं हुतं. तिनं न्हाई म्हटलं.

उठताना तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. ठेवून लगेच काढून घेतला.

११ मे

फोल्डर धरलेलाच. मी जिवंत. का ठेवलंय मला?

पांघरूण अंगावर घेत नाही. डोक्यावरून ओढणी नाही. पावसाळी ढग आले तरी छत्री—

झोप लागली की छातीवर

१५ मे

ठरवलं. वीस तारखेला पाहुण्यांसमोर उभी राहून सांगणार. पास नाही, नापास. माझी सही खोटी. आधी आणखी एकीनं हे सांगितलं होतं, ती या खोलीत मारली गेली.

उदयसिंहाकडं रिपोर्ट परत मागितला. तो हसला. डोळे हसले नाहीत.

२० मे, सोमवार

पाहुणे आलेत. वरच्या हॉलमध्ये त्यांचे हारतुरे चाललेत. मी खाली मशीनरूममध्ये येऊन खरी चाचणी पुन्हा लावली, कागदावर काढून न्यायला. वही बरोबर आहे.

उदयसिंह मागून आला. वर आवाज जाऊ नये म्हणून दार त्यानं स्वतःच लावलं. म्हणाला, पोरी, तोंड उघडलंस तर तुझं बी तिच्यासारखं करीन. पहिल्यांदाच आवाज चढवला.

माझं लक्ष त्याच्या मागं पडद्यावर होतं. त्याचा फोल्डर. उदयसिंह. धरला.

मी म्हटलं, साहेब, दार उघडून बघा.

बटण दाबतोय. दाबतोय. उघडत नाही.

*

नळीचं तोंड पांढरं झालंय. धुकं खाली उतरतंय. जमिनीवर साठतंय. मी टेबलावर चढलेय. ते जड असतं. आधी खाली भरतं.

तो दार आपटतोय. शिव्या देतोय. वर बँड वाजतोय, कुणाला ऐकू येणार

खोकतो. गुडघ्यावर. आता तिला हाक मारतोय. संघप्रिया ताई म्हणतोय. ताई!

टेबलाची कड धरलीय त्यानं. हात वर केलाय. मॅडम, हात द्या.

दिला नाही.

बोटं सुटली.

पुन्हा लिहिते. मी हात दिला नाही. संघप्रिया, तू बघितलंस. मी दिला नाही.

*

त्याचा फोल्डर सुटला. माझा नाही.

धुकं टेबलाला लागलंय. आंबट. डोकं

पडद्यावर माझा रिपोर्ट आणते. पास पुसते. नापास. कुंभी आणि तुळशी, नापास. सही तेजस्वी. त्याच्यावर संघप्रिया. तिचं आधी, माझं नंतर.

साठवलं. चौघींवर उघडलं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. अक्षर न् अक्षर तेच. चौघींवर तेच. खरं लिहिलंय, बाई. आता तरी

माझा फोल्डर—

धरलेला.

*

टेबलावरून उतरले. दारापर्यंत. श्वास रोखून. एका हातानं लिहितेय. दुसऱ्यानं थाप

काचेपलीकडं कुणीतरी आहे. उघडतील. आले. उघडा

पदवीचा झगा. पुढचा दात

ती बाहेर आहे. ते तिघं उभे होते तिथं उभी आहे. बटणाजवळ. हात पोचतो तिचा. उघड ना. मी खरं लिहिलं. उघड. मी काचेवर हात ठेवलाय, दिसतोय ना तुला, संघप्रिया, नुसती बघू नकोस, उघ—